अडत सांगून घ्यावी

कारंजा लाडच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या यार्डात हंगामाच्या दिवसांत सोयाबीनचे ढीग लागतात. पुढे तूर येते, हरभरा येतो. ढिगाभोवती खरेदीदार जमतात, हर्रास होतो, माल काट्यावर चढतो आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. या व्यवहारात पिकवणारा एक, विकत घेणारा दुसरा आणि दोघांची गाठ घालून देणारा तिसरा असतो. तो म्हणजे अडत्या. गाठ घालून दिल्याबद्दल त्याला अडत मिळते. आम्हा विदर्भवासीयांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही. आपण जिला शकुंतला म्हणतो, त्या मुर्तिजापूर-यवतमाळच्या छोट्या रुळाच्या गाडीने कारंजाचा कापूस बाहेर जात होता, त्या काळीही मध्ये दलाल होताच.

आता हा तिसरा माणूस मोबाइलमध्ये आला आहे. खालाजानच्या मुलीने व्हॉट्सॲपच्या खानदानी ग्रुपवर मिक्सरची लिंक टाकली, ‘खूप छान आहे, आजच ऑफर संपतेय’ असे लिहिले आणि चार घरांनी मिक्सर मागवला. त्या चार मिक्सरवर तिला कमिशन मिळाले. ते मिळते हे चारपैकी किती घरांना माहीत होते? या धंद्याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव परके आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. ही मोबाइलवरची अडत आहे. म्हणून तिला अडतीचेच नियम लावून पाहावेत, असे आम्हाला वाटते.

लिंकमध्ये काय असते?

एखादी कंपनी आपली वस्तू विकून देणाऱ्याला एक खास दुवा, म्हणजे लिंक देते. त्या लिंकमध्ये पाठवणाऱ्याची खूण लपलेली असते. आपण ती दाबली की ही खूण आपल्या मोबाइलमध्ये काही काळ नोंदून ठेवली जाते. त्या मुदतीत आपण खरेदी केली, तर कंपनीच्या हिशेबात ती विक्री पाठवणाऱ्याच्या नावावर चढते. ॲमेझॉन कंपनीने १९९६ साली, पुस्तके विकत असतानाच, ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. आज कपडे, भांडी, मोबाइल, बँकेची कार्डे, विमा, शिकवणीचे कोर्स, सगळे काही अशा लिंकांवर विकले जाते.

‘लिंकवरून घेतले तरी तुम्हाला एक रुपयाही जास्त पडत नाही’ असे पाठवणारे सांगतात. बहुतेक वेळा हे खरे असते, पण ते अर्धेच खरे आहे. कंपनी कमिशन स्वतःच्या खिशातून कायमचे देत नाही. जाहिरातीचा खर्च जसा वस्तूच्या किमतीत बसवलेला असतो, तसे तेही बसवलेले असते. अडतीचा वादही असाच आहे. फळे-भाजीपाल्याच्या बाबतीत अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१६ साली घेतला, तेव्हा राज्यभरातल्या बाजारांत केवढा गोंधळ झाला होता! पण तो वाद होऊ शकला, कारण अडत सर्वांना दिसत होती. जी दिसते तिच्यावर बोलता येते, भांडता येते. जी दिसतच नाही तिच्याबद्दल कोण बोलणार?

काम वाईट नाही

प्रथमच स्पष्ट करतो की आम्ही या कामाच्या विरोधात नाही. कारंजासारख्या गावात पदवी घेतलेल्या मुलाला गावातच नोकरी मिळणे किती कठीण आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला, त्याने नागपूर आणि मुंबई जवळ आले. पण रोजगार जवळ आला असे प्रत्येकाला म्हणता येत नाही. ज्या मुलींना किंवा सुनांना घराबाहेर काम करणे शक्य नसते, त्यांना मोबाइलवरून चार पैसे मिळत असतील, तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. २०१५ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या मीशोने हेच हेरले. घरबसल्या बायका आपल्या ओळखीच्या बायकांना कपडे विकतील आणि आपला नफा त्यावर चढवतील, या पायावर ती कंपनी उभी राहिली. अनेक बहिणींनी त्यातून मुलांच्या फीचे पैसे काढले आहेत.

दलालीचा मेहनताना आपल्याकडे पूर्वापार जायज मानला गेला आहे. इमाम बुखारी यांनी आपल्या संग्रहात दलालाच्या मजुरीचा स्वतंत्र बाब ठेवला असून, त्यात गैर नाही असे मानणाऱ्या जुन्या आलिमांची नावे दिली आहेत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल नेऊन विकला होता. दुसऱ्याचा माल विकून आपला हिस्सा घेणे, हेच ते काम होते. मात्र त्या कामासाठी खदीजांनी त्यांना निवडले, ते मक्केत ‘अमीन’ म्हणून त्यांची ख्याती होती म्हणून. आधी विश्वास होता, व्यापार त्यामागून आला.

आजच्या लिंकच्या धंद्यात हा क्रम उलटण्याचा धोका आहे. विश्वास आधीच तयार असतो. तो आईवडिलांनी, आजी-आजोबांनी, मोहल्ल्यातल्या वर्षानुवर्षांच्या वागणुकीने कमावलेला असतो. लिंक पाठवणारा तो फक्त खर्च करत असतो.

बिघाड कुठे होतो?

पहिला बिघाड न सांगण्याचा. आपण ज्याला आपुलकीचा सल्ला समजतो, तो पैसे घेऊन दिलेला सल्ला निघतो. सल्ला चुकीचा असेलच असे नाही. पण ऐकणाऱ्याला तो तोलून पाहण्याची संधी मिळत नाही. अडत्याने ‘हा भाव चांगला आहे, देऊन टाका’ म्हटले, तर शेतकरी ऐकतो, पण मनात हिशेब करतो, कारण अडत्याचा फायदा कशात आहे हे त्याला माहीत असते. भाचीने ‘मिक्सर घ्या’ म्हटले, तर खाला हिशेब करत नाही.

दुसरा बिघाड न वापरलेल्या वस्तूची तारीफ करण्याचा. तेल कधी डोक्याला लावले नाही, पण ‘महिन्यात केस दाट झाले’ असे लिहायचे. मोबाइल हातात घेतला नाही, पण ‘बॅटरी दोन दिवस चालते’ म्हणायचे. शंभर लोक खोट्या नावाने पाच-पाच तारे देतात, ‘शेवटचे तीनच नग उरले’ अशी घाई लावली जाते. आपल्या फिकहमध्ये याच्या जवळची एक गोष्ट आहे, तिला ‘नजश’ म्हणतात. घ्यायची इच्छा नसताना केवळ दुसऱ्याला भरीला पाडण्यासाठी हर्रासात बोली वाढवणे किंवा मालाची खोटी तारीफ करणे म्हणजे नजश. ते मना आहे. यार्डात असा खोटा बोलीदार उभा केला आणि तो ओळखला गेला, तर दुसऱ्या दिवशी सगळा बाजार त्या अडत्याबद्दल बोलतो. मोबाइलवरचा खोटा बोलीदार मात्र ओळखूच येत नाही.

तिसरा बिघाड कंपनीलाच फसवण्याचा. अमेरिकेत शॉन होगन नावाचा माणूस ईबे या मोठ्या ऑनलाइन बाजाराचा सर्वांत मोठा ॲफिलिएट होता. ज्यांनी ईबेची लिंक दाबलेलीच नव्हती, अशा लोकांच्या संगणकात तो आपली खूण गुपचूप टाकत असे. पुढे ते लोक आपल्या मनाने ईबेवर काही घेत आणि कमिशन याच्या खात्यात जमा होई. दुसऱ्याच्या ढिगाच्या पट्टीवर आपले नाव चढवण्यासारखाच हा प्रकार. ईबेने २००८ मध्ये त्याच्यावर दावा लावला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली. सर्वांत मोठा ॲफिलिएट हाच सर्वांत मोठा ठग निघाला. या धंद्याचे नाव जगभर का डागाळले, ते यावरून समजावे.

चौथा बिघाड हराम मालाचा. सट्ट्याची ॲप्स, पैसे लावून खेळायचे रमीचे खेळ, अवाच्या सवा व्याजाने झटपट कर्ज देणारी ॲप्स यांच्या लिंकांवर कमिशन पुष्कळ असते. कारण साधे आहे. मिक्सर घेणारा एकदाच पैसे देतो, जुगाराची सवय लागलेला पुन्हा पुन्हा देतो. एखादा मुलगा स्वतः कधी सट्टा खेळत नाही, नमाज चुकवत नाही, पण त्याच्या लिंकने शेजारचा मुलगा खेळू लागतो. ती कमाई कोणत्या खान्यात मांडायची? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळ चालवणाऱ्याबरोबर जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. ‘मी तर फक्त लिंक टाकली’ हे उत्तर आता कायद्यापुढेही चालायचे नाही.

पाचवा बिघाड साखळीचा, आणि आमच्या मते छोट्या गावांतल्या मुलांना सर्वांत जास्त धोका याचाच आहे. ‘ॲफिलिएट मार्केटिंग शिका, घरबसल्या लाखो कमवा’ असे सांगून काही हजारांचा कोर्स विकला जातो. कोर्स घेतल्यावर कळते की विकायची वस्तू म्हणजे हाच कोर्स. स्वतःचे पैसे परत मिळवायचे तर आणखी दोन मुलांना त्यात आणायचे. ती दोन मुले कोण? वर्गमित्र, चुलतभाऊ, मामूचा मुलगा. भाड्याच्या मोटारीपुढे उभे राहून फोटो काढायला लावतात, कमाईचे आकडे स्टेटसवर ठेवायला लावतात. खरी वस्तू नाही, खरा गिऱ्हाईक नाही, नव्या माणसाचा पैसा जुन्याच्या खिशात जातो. हे ॲफिलिएट मार्केटिंग नव्हे. अशा साखळ्यांना १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी ती आणखी स्पष्ट केली आहे.

नाव कोणाचे जाते?

मुंबई-पुण्यात एखाद्याने चुकीची लिंक पाठवली, तर लोक त्याला ब्लॉक करतात आणि विसरतात. कारंजात तसे होत नाही. येथे माणूस एकटा नसतो. तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा जावई असतो. त्याच्या सांगण्यावरून पैसे बुडाले, तर लोक त्याच्या अब्बांना मशिदीच्या दारात विचारतात. रिश्ता पाहायला आलेले लोक शेजाऱ्यांकडे चौकशी करतात, तेव्हा ही गोष्ट निघतेच. चार हजारांचे कमिशन मुलाने घेतलेले असते, पण हिशेब सगळ्या खानदानाला द्यावा लागतो.

यार्डातल्या अडत्याची गोष्ट वेगळी असते. त्याला बाजार समितीचा परवाना असतो. चुकारा अडला, तर शेतकरी त्याच्या गादीवर जाऊन बसतो. तक्रार झाली तर परवान्यावर येते. तो उद्याही तेथेच भेटणार आहे, हीच त्याच्या इमानदारीची जामीनकी असते. लिंक पाठवणाऱ्याला परवाना नाही, गादी नाही. वस्तू खराब निघाली की तो म्हणतो, ‘कंपनीला विचारा’. कंपनी कुठे आहे, कोणाला विचारायचे, हे खालाला कसे कळावे?

आणि विश्वासाचा असा वापर किती दूर जाऊ शकतो, ते आपल्या समाजाने बेंगळुरूत पाहिले आहे. आयएमए नावाची संस्था ‘हलाल गुंतवणूक’ या नावाने पैसे गोळा करत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची जमा बुडाली. त्यात लग्नांसाठी राखलेले पैसे होते, विधवांचे आणि निवृत्तांचे होते. तो लिंकचा धंदा नव्हता, हे खरे. पण तेथे पैसा कशाच्या जोरावर जमला? बँकेच्या कागदांपेक्षा ‘आपला माणूस आहे, अमक्याने सांगितले आहे’ या एका वाक्यावर. शिफारस करणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःचेही पैसे गमावले. तेही मनाने वाईट नव्हते. त्यांनी चौकशी न करता जामीनकी दिली, एवढेच. पण ज्याचे घर उजाडले त्याला हे ‘एवढेच’ पुरत नाही.

मदीनेच्या बाजारातली एक गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा, ओला माल वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता, असे त्यांनी विचारले. पावसाचा दोष विक्रेत्यावर ठेवला गेला नाही. दोष लपवण्याचा होता. लिंकवाल्याचे कमिशन हे त्या ओल्या धान्यासारखे आहे. ते असण्यात पाप नाही. ते ढिगाच्या वर, सर्वांना दिसेल असे ठेवायला हवे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशाचा कायदाही आता हेच सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी खास सूचना दिल्या. त्यांचा सार असा: शिफारस करणाऱ्याला पैसे, फुकट वस्तू, सवलत किंवा अन्य काही लाभ मिळत असेल, तर तो सहज दिसेल असा आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगावा. मराठीत तारीफ करून खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत कमिशनचा उल्लेख करणे बसत नाही. वस्तू स्वतः वापरलेली किंवा अनुभवलेली असावी, अशीही अपेक्षा आहे. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी पहिल्या वेळी १० लाख, पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एक ते तीन वर्षे शिफारस करण्यावर बंदीही येऊ शकते. खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानकही नोव्हेंबर २०२२ मध्ये आले.

आता प्रामाणिक मुलांची एक रास्त तक्रारही ऐकू या. ते म्हणतात, ‘कमिशन मिळते असे लिहिले की लोक लिंक दाबत नाहीत, न लिहिणारा पुढे जातो.’ हे काही काळ खरे ठरेल. पण ज्याने सांगून अडत घेतली, त्याच्याकडे लोक दुसऱ्यांदा येतात. आणि हा धंदा खरे तर दुसऱ्यांदा येणाऱ्यांवरच चालतो, कारण एका गावात, एका खानदानात नवे गिऱ्हाईक किती दिवस पुरणार?

घरात काय करावे?

आईवडिलांनी मुलांना या कामापासून सरसकट तोडू नये. ‘मोबाइलवर काय टाइमपास करतोस’ म्हणून रागावण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून विचारावे: पैसा नक्की कोण देतो? वस्तू कोणती? काम मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागले का? नवीन माणूस आणल्यावरच पैसे मिळतात का? शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्याच दिवशी थांबवावे.

लिंक पाठवणाऱ्या तरुणांनी शक्यतो आपण वापरलेल्या किंवा नीट पाहिलेल्या वस्तूच सुचवाव्यात. दोषही सांगावा. ‘भांडे चांगले आहे, पण झाकण सैल बसते’ असे लिहिणाऱ्यावर लोक लवकर विश्वास ठेवतात. तीच वस्तू आपल्या बाजारातल्या दुकानात त्याच भावात मिळत असेल, तर तेही सांगावे. दुरुस्तीसाठी तो दुकानदारच जवळ आहे आणि त्याच्याही घरी चूल पेटायची आहे. कमिशनचा हिशेब वहीत ठेवावा, कारण ते उत्पन्न आहे आणि त्यावर करही लागू होऊ शकतो.

खरेदी करणाऱ्या बहिणींनी विचारायला लाजू नये. ‘बेटा, यात तुला काही मिळते का?’ असे खालाने विचारले, तर त्यात अपमान नाही. मिळत असेल तर मिळो, आनंदच आहे. वस्तू खराब निघाली आणि दाद मिळेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली, तर वेळ न घालवता १९३० वर कळवावे.

आणि ज्यांना हे काम हलाल मार्गाने करायचे आहे, त्यांनी प्रत्येक लिंकखाली तीन छोटी वाक्ये आपल्या भाषेत लिहावीत: यातून मला कमिशन मिळते. वस्तू मी स्वतः वापरली आहे. खराब निघाली तर मला सांगा, परत करायला मी मदत करीन. ज्या लिंकखाली ही तीन वाक्ये खरेपणाने लिहिता येत नाहीत, ती लिंक पाठवू नये.